कुत्र्याच्या ताटलीचे माप

आरोग्याच्या पानावर कुत्र्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. काम आहे. आपल्या वस्तीत घराला घर लागून आहे आणि दोन दारांच्या मधल्या चार फुटांच्या गल्लीत पोरे आणि कुत्री एकत्रच वाढतात. कुत्रे काय खाते, किती खाते आणि कुठे खाते, यावर त्या पोरांना चावा बसणार की नाही, त्यांच्या पोटात जंत जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते. शिवाय आता आपल्या घरांतही कुत्रे पाळायची हौस आली आहे. पोराने हट्ट धरला, नोकरी लागली, पहिल्या-दुसऱ्या पगारात पिल्लू घरात आले. हौसेला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो अंदाजपंचे खायला घालण्याला.

आपल्याकडे कुत्र्याचे खाणे कोणी मोजत नाही. उरले तर घातले, नाही उरले तर नाही घातले. रविवारी मटणाची हाडे, सोमवारी काहीच नाही, मंगळवारी शिळ्या चपात्यांची अख्खी चळत. घरातल्या लाडक्याचे याच्या अगदी उलट. आई चपातीचा तुकडा टाकते, बाबा चहाबरोबर दोन बिस्किटे देतात, पोरगी शाळेतून आली की तिचे वेगळे, आजीचे तर कोणाला कळतही नाही. रात्री प्रत्येक जण सांगतो, मी तर थोडेसेच दिले. गल्लीतले कुत्रे फासळ्या दाखवत फिरते आणि घरातले पामेरियन दम लागून जिना चढत नाही. दोघांचा आजार एकच: माप नाही.

ते माप काढता येते, आणि त्याला गुणाकार-बेरीज येणारे शाळकरी पोर पुरेसे आहे.

आधी कुत्र्याचे वजन करा. पशुवैद्याकडे काटा असतो. तिथे जाणे होत नसेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, मग एकट्याने उभे राहा आणि वजाबाकी करा. आपली गावठी कुत्री साधारण १२ ते २० किलोंच्या दरम्यान भरतात. आलेल्या वजनाला ३० ने गुणायचे आणि त्यात ७० मिळवायचे. जो आकडा येईल तेवढ्या कॅलरी त्या कुत्र्याला दिवसभर नुसते पडून राहायला, श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला लागतात. पाकिटावर याच कॅलरीला किलोकॅलरी लिहिलेले असते, गोंधळू नका. दोन किलोंपासून पंचेचाळीस किलोंपर्यंतच्या कुत्र्यांसाठी पशुवैद्य हे सूत्र वापरतात. याहून काटेकोर सूत्रही आहे, पण घरच्या कामाला हे चालते.

नुसते पडून राहणारे कुत्रे कुठे असते? म्हणून आलेल्या आकड्याला पुन्हा गुणायचे. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी १.६ ने, न झालेल्यासाठी १.८ ने. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारलेली दिसली तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे. शस्त्रक्रियेच्या वेळीच ती खूण करतात.

१५ किलोंचे गावठी कुत्रे घेऊ. पंधरा गुणिले तीस म्हणजे ४५०, त्यात ७० मिळवले की ५२०. नसबंदी झाली असेल तर ५२० गुणिले १.६ म्हणजे ८३२. झाली नसेल तर १.८ ने ९३६. बोलायला सोपे म्हणून दिवसाला ९०० कॅलरी धरू. सहा किलोंच्या पामेरियनचा आकडा याच रीतीने ४०० येतो. एक ग्लुकोज बिस्किट साधारण २५ कॅलरींचे असते. म्हणजे दिवसभरात घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा बिस्किटे दिली की त्या पामेरियनच्या दिवसाच्या खाण्यापैकी निम्म्याहून जास्त वाटा मैदा-साखरेने भरला, आणि त्यावर पुन्हा त्याची ताटली आहेच. असे वरचे खाणे दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. पामेरियनला त्या हिशेबाने दीड बिस्किट येते. दीड बिस्किटात पोरांचे समाधान होत नसेल तर काकडीचे, गाजराचे तुकडे करून द्यावेत. कुत्र्याला हातातून काहीतरी मिळाल्याचा आनंद असतो, ते बिस्किटच हवे असा त्याचा आग्रह नसतो.

आता या ९०० कॅलरी आपल्या चुलीवरच्या भाषेत आणू. सत्तर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी सुमारे २४० कॅलरींची. तीस ग्रॅम कणकेची पातळ चपाती सुमारे १००. मध्यम वाटीभर शिजलेला भात २०० च्या आसपास. उकडलेले अंडे ७०. तुमची भाकरी आमच्यापेक्षा जाड असेल, म्हणून एकदा पिठाचा गोळा आणि आपली वाटी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघाच.

हे आकडे बघून कोणी म्हणेल, मग चार भाकऱ्या टाकल्या की झाले. पोट भरले, पण पोषण झाले नाही. अमेरिकेत पशुखाद्याचे जे मानक वापरतात, त्यात मोठ्या कुत्र्यासाठी दर १००० कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. आपल्या ९०० वाल्याला त्या हिशेबाने ४० ग्रॅम हवीत. चार भाकऱ्यांतून २८ ग्रॅमच्या आसपास मिळतात, आणि तीही कुत्र्याच्या शरीराला पुरेशा कसाची नसतात. फक्त चपाती-भाकरीवर ठेवलेल्या कुत्र्याचे केस राठ होतात, अंगावरचे मांस झडते, जखम लवकर भरत नाही, आणि आपण म्हणतो, खातो तर भरपूर, मग अंगाला का लागत नाही?

म्हणून दोन भाकऱ्या ठेवा, बाकीच्या दोन काढा. त्यांच्या जागी दीडशे ग्रॅम कोंबडीचे उकडलेले बिनहाडाचे मांस, एक उकडलेले अंडे, चमचाभर तेल आणि मूठभर उकडलेला लाल भोपळा. झाले ९०० च्या जवळपास, आणि प्रथिने पन्नास ग्रॅमच्या वर गेली. कोंबडी परवडत नाही त्या दिवशी दोन अंडी आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या कोरड्या वड्या भिजवून, उकडून, सोबत दोन चमचे तेल. सुकट घालायची तर दोनदा पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या, तिच्यात मीठ फार असते. कलेजी स्वस्त मिळते म्हणून रोज घालू नये, तिच्यातले अ जीवनसत्त्व अंगात साठत जाते. आठवड्यातून दोनदा थोडी चालते. हे सगळे आपल्या मसाल्याच्या कालवणातून काढून नव्हे, वेगळे उकडून घालायचे.

एक गोष्ट या जेवणात कमी पडते, ती म्हणजे कॅल्शियम. अंड्याची टरफले धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून मिक्सरमध्ये अगदी बारीक पूड करा. चहाचा अर्धा चमचा पुडीतून साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळते. १५ किलोंच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला तेवढे ठीक. टरफले सगळ्यांच्याच कचऱ्यात जातात, आणि मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली विकत येते. बाकीच्या बारीकसारीक खनिजांसाठी, घरचेच जेवण कायम घालणार असाल तर, वर्षातून एकदा पशुवैद्याला विचारलेले बरे.

कुत्र्याला धान्य पचत नाही, ते मांसाहारी आहे, असे दुकानदार ठासून सांगतो. हे अर्धवट ज्ञान आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या उकिरड्यावर, त्याच्या शेताच्या बांधावर हजारो वर्षे राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला. भाकरी त्याला चालते. ती एकटीच चालत नाही.

पाकिटातल्या खाण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. घरातली सगळी माणसे सकाळी कामावर जातात, वेगळे उकडायला कोणाला वेळ नाही, अशा घरात ते सोयीचे आहे, आणि चांगल्या पाकिटात सगळी खनिजे मोजून घातलेली असतात. पण हिशेब करून मगच घ्या. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात. ९०० कॅलरींसाठी दिवसाला सुमारे २४० ग्रॅम, महिन्याला सात किलोंच्या वर. तुमच्या दुकानातला किलोचा भाव त्याला लावा आणि आलेली रक्कम घरातल्या दुधाच्या बिलाशेजारी ठेवून बघा. जमत असेल तर घ्या. पाकिटामागच्या तक्त्यात जो आकडा छापलेला असतो, तो कुत्र्याला दुसरे काहीही मिळत नाही असे धरून असतो. आपण मात्र तक्त्याप्रमाणे पाकीट घालतो आणि वरून भाकरीही टाकतो. अर्धे पाकीट, अर्धे घरचे असे करायचे तर दोन्हींचे माप अर्धे करावे लागेल, एवढे साधे आहे ते.

कमी खाल्ल्याने कुत्र्याचे आयुष्य वाढते हे दाखवणारा सगळ्यांत गाजलेला अभ्यास प्युरिना या पशुखाद्य कंपनीनेच केलेला आहे. कंपनी विकते खाद्य, आणि अभ्यास सांगतो कमी घाला. म्हणून तो आम्हांला जास्त विश्वासाचा वाटतो. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खाणे, जन्मभर. २००२ साली निकाल छापून आला. जास्त खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री ११.२ वर्षांपर्यंत गेली, कमी खाणाऱ्यांतल्या निम्म्यांनी १३ वर्षे गाठली. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा आली.

पण कोणतेही सूत्र शेवटी अंदाजच असतो. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांत एक दिवसभर दारात झोपते, दुसरे रिक्षांच्या मागे धावते. सूत्राचा आकडा सुरुवातीला घ्या, पुढे हात सांगेल तसे करा. त्याची खूण अशी. आपल्या डाव्या हाताचा पंजा सरळ पसरून, उजव्या हाताची बोटे त्याच्या पाठीवरून, म्हणजे नखांच्या बाजूने, फिरवा. हलक्या मासाखाली हाडे लागतात. कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवल्यावर असेच लागले तर कुत्रे ठीक आहे. मूठ आवळून तिच्या उंचवट्यांवरून बोटे फिरवल्यावर जसे टोचते तसे लागले तर ते उपाशी आहे. आणि तळहातावरून फिरवल्यासारखे मऊ लागले, हाडे शोधावी लागली, तर ते लठ्ठ आहे. वरून पाहिले तर फासळ्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. दर पंधरा दिवसांनी हे बघा. लठ्ठ असेल तर दहाव्या हिश्श्याने कमी करा, वाळले असेल तर तेवढेच वाढवा. एकदम निम्मे करू नये. रस्त्यावर सापडलेल्या, दिवसेंदिवस उपाशी कुत्र्याला तर पहिल्या दिवशी पोटभर घालूच नये. थोडे थोडे, चार-पाच वेळा, असे करत काही दिवसांत पूर्ण मापावर आणावे. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर खाणे जिवावर बेतू शकते.

पिल्लाच्या बाबतीत मात्र आपला अंदाज साफ उलटा पडतो. पिल्लू लहान, म्हणून खाणेही चिमूटभर, असे आपण धरतो. तीन महिन्यांचे, चार किलोंचे पिल्लू घ्या. चार गुणिले तीस म्हणजे १२०, अधिक ७०, झाले १९०. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लासाठी याला ३ ने गुणायचे असते. ५७० कॅलरी! १५ किलोंच्या कुत्र्याला ९०० लागतात आणि चार किलोंच्या पिल्लाला ५७०. त्याचे पोट मात्र मुठीएवढे. म्हणून दिवसातून चार वेळा घालायचे. चार महिन्यांनंतर ३ च्या जागी २ ने गुणायचे, आणि तीन वेळा घालायचे. वर्षभराचे झाले की दोन वेळा पुरे.

आपल्या वस्तीतली बहुतेक पिल्ले दूध-चपातीवर वाढवतात. गाई-म्हशीचे दूध बऱ्याच पिल्लांना सोसत नाही, जुलाब होतात. दोन महिन्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडून आणण्यातच अर्धा घोळ असतो. पुढे नुसती चपाती किंवा नुसते मांस मिळाले, कॅल्शियम मिळाले नाही, की पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, उडी मारल्यावर हाड मोडते. गल्लीत लंगडत फिरणारी अशी कुत्री सगळ्यांनी पाहिली आहेत आणि सगळ्यांनी त्याचे कारण गाडी लागली असेल असेच सांगितले आहे. पिल्लासाठी टरफलाची पूड आपल्या मनाने मोजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त कॅल्शियमनेही हाडांचे आजार होतात. निदान पहिले वर्ष पिल्लाचे म्हणून विकतात ते पाकीट, किंवा पशुवैद्याने लिहून दिलेले जेवण, यांवरच ठेवावे. पोट फुगलेले आणि पाय काटकुळे असतील तर ते जंतांचे लक्षण असू शकते. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध सुरू होते, मोठेपणी दर तीन महिन्यांनी द्यावे लागते. जंतांना खायला घालून पिल्लू कसे वाढेल?

व्यालेल्या कुत्रीला किती लागते हे ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. पाच-सहा पिल्ले अंगावर पीत असतील तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची गरज मूळ आकड्याच्या चौपटीपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते. १५ किलोंच्या कुत्रीला २००० कॅलरींच्या वर. एरवी जे घालतो त्याच्या दुपटीहून जास्त. ती गल्लीतली असेल तर हे कोण पुरवणार? ती उकिरडे धुंडाळते, घरात शिरते, पिल्लांजवळ कोणी गेले की अंगावर येते, आणि मग कोणीतरी दगड उचलतो. तिचे खाणे पिल्लांपासून थोडे दूर ठेवावे आणि पोरांना तिच्या वाटेला जाऊ देऊ नये. पिल्ले सुटली की तिची नसबंदी करून घेण्यासाठी पालिकेला कळवावे.

काय घालू नये, हेही सांगितले पाहिजे. चौदा एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला विहारात भोजनदान होते. पातेल्याच्या तळाशी उरलेला मसालेभात आणि खीर मागच्या बाजूला कुत्र्यांसाठी ओततात. मसालेभातातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजला म्हणून कांद्याचा दोष जात नाही. खिरीतल्या मनुकांनी मूत्रपिंड बंद पडू शकते, द्राक्षांनीही तसेच. चॉकलेट विषारी आहे. शिजवलेले हाड फुटून टोकदार होते आणि घशात नाहीतर आतड्यात रुतते. कोंबडीचे तर फारच. कुत्र्यांसाठी घालायचेच असेल तर फोडणी पडायच्या आधी पातेलेभर साधा भात बाजूला काढून ठेवावा.

मटणवाल्याकडून बकऱ्याची फुप्फुसे, यकृत, आतडी फुकट किंवा अगदी स्वस्त मिळतात. ती कच्ची घालण्याची सवय माणसांसाठीच धोक्याची आहे. बकऱ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात आणि यकृतात एका बारीक पट्टकृमीच्या पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गल्लीत पडतात, आणि तिथे खेळणाऱ्या पोराच्या हातावाटे तोंडात जातात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात, फुप्फुसात वाढतात, कित्येक वर्षे कळतही नाहीत, आणि कळतात तेव्हा अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. हायडॅटिड म्हणतात या रोगाला. अर्धा तास खळखळून उकळा, मगच घाला.

आता मुख्य आक्षेप. माणसाला पुरत नाही तिथे कुत्र्याला अंडी-कोंबडी कुठून आणायची? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. जिथे पोरांच्या ताटात अंडे नाही तिथे आधी पोरांच्या ताटात अंडे आले पाहिजे. पण म्हणूनच माप आधी काढायला हवे, पिल्लू घरात आणायच्या आधी. हौसेने लॅब्रॅडॉर आणतात. मोठेपणी तो ३० किलोंचा होतो. तीस गुणिले तीस म्हणजे ९००, अधिक ७०, झाले ९७०, १.६ ने गुणले की १५५० च्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठे काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरज १६६० कॅलरी दिली आहे. म्हणजे लॅब्रॅडॉर आणणे म्हणजे घरात खाणारे आणखी एक मोठे माणूस आणणे, आणि दहा-बारा वर्षांसाठी आणणे. त्यात लस, जंताचे औषध, आजारपण वेगळेच. दहा बाय दहाच्या खोलीत, एका पगारावर, हे झेपणार नसेल तर पिल्लू आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षभराने तेच कुत्रे उड्डाणपुलाखाली सोडून देणारी घरे काही मुळात निर्दय नव्हती, त्यांनी हिशेब उशिरा केला. कुत्रे हवेच असेल तर गावठी घ्या. त्याचे पोट लहान, अंग चिवट, आणि आपल्या उन्हाळ्याला ते सरावलेले.

राहिली गल्लीतली कुत्री. ती कोणाचीच नसतात आणि सगळ्यांची असतात. पाच घरांनी दोन-दोन चपात्या टाकल्या की एका कुत्र्याचे दिवसाचे हजार कॅलरींचे माप भरले, हे त्या पाच घरांना माहीत नसते. सहावे घर हाडे टाकते. पलीकडच्या गल्लीत कोणीच काही टाकत नाही, तिथली कुत्री इकडे येतात आणि पहाटे भांडणे होतात. दारादारांत तुकडे टाकले की कुत्री दारादारांत बसतात, आणि प्रत्येक दार आपल्या खाण्याची जागा म्हणून राखू लागतात. नळावर जाणारी बाई, अंधारात ड्यूटीवरून येणारा माणूस, हातात पाव घेऊन धावणारे पोर, यांच्यावर ती भुंकतात, धावतात, चावतात. गल्लीत बसून मिसळीने एकदा ठरवा: कोण घालणार, काय घालणार, किती वाजता आणि कुठे. एक-दोन हात, एकच जागा, दिवसातून दोनदा, पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. उरलेले लगेच उचलायचे. कुत्रे खात असताना त्याच्या जवळ जायचे नाही, हे पोरांना अंगणवाडीपासून शिकवायचे. घंटागाडी आत येत नाही आणि कचरा कोपऱ्यावर आठ-आठ दिवस पडून राहतो, तोवर तुमच्या मापाच्या दुप्पट खाणे कुत्र्यांना त्या ढिगातच मिळते आणि त्यांची संख्याही त्या ढिगाच्या मानाने वाढते. तेव्हा कचऱ्याचा अर्ज हाही कुत्र्यांचाच अर्ज आहे.

चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे औषधही लागते, ते मागून घ्या. सगळे डोस पुरे करा. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यावर उपाय नाही. घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे पशुवैद्य सांगेल तशी दरवर्षी द्यावी. मुंबईत परळला, नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तालुक्यांच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

गल्लीतल्या जागेसाठी कायद्याचा आधारही आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ रहिवाशांनी मिळून ठरवायची, ती जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून आणि पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवायची, असे सांगितले आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यांवर कुठेही खाऊ घालण्यास मनाई केली आणि प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा करण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. प्रभाग कार्यालयात अर्ज देताना गल्लीत कुत्री किती, त्यांपैकी कानाला खाच असलेली किती, पिल्ले किती, गेल्या वर्षभरात किती जणांना चावा बसला, घंटागाडी कोणत्या वारी येते आणि कोणत्या वारी येत नाही, एवढे लिहा. खाली रहिवाशांच्या सह्या घ्या, बायकांच्या आधी घ्या, कारण खायला घालणाऱ्याही बहुधा त्याच असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.